तोंड हललं पाहिजे

निवडणुकीच्या सभेत माझ्या ममता मावशीला शोधायचं असेल तर गर्दीत शोधू नका. ती स्टेजच्या अगदी पुढ्यात असते, जिथे कार्यकर्ते "ताई, साइडला व्हा ना, फोटोत येताय!" म्हणून ओरडत असतात, तिथे. डाव्या हातात लांबट वही, कानामागे पेन, खांद्यावर निळी पिशवी. पिशवीवर हसणारा दात आहे, कारण ती डेंटिस्टच्या दवाखान्यातून मिळालेली आहे. आणि भाषण रंगात आलं, भाऊंनी माइक ओठांना चिकटवला, की खालून तिचा आवाज येतो, एक पट्टीसुद्धा न चढवता: "माइक जरा खाली धरा. तोंड दिसत नाही."

हे वाक्य मी इतकं तिच्यासारखं करते की एकदा आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं होतं, "ममते, तुझा पण चहा टाकू का?"

आवाज काढायचा नाद मला पहिल्यापासून. तेव्हा इथे जे जे बोलतील ते त्यांच्याच सुरात बोलतील. जिथे मी स्वतः नव्हते तिथलं मावशीने सांगितलं, मी तिला ते करून दाखवलं, आणि ती "हो, अस्साच म्हणाला मेला" म्हणाली तेवढंच घेतलं आहे. तिच्याबद्दल लिहायचं तर तिचाच नियम पाळायला हवा.

मावशीचं पूर्ण नाव ममता बाबाजी पेडामकर. सकाळी नऊ ते दीड मीरा रोडला डेंटिस्टकडे रिसेप्शनवर बसते. दुपारनंतर ती 'खाडीपार' साप्ताहिकाची वार्ताहर. चार पानांचा पेपर, दर शनिवारी निघतो. पहिल्या पानावर पाणीटंचाई, दुसऱ्यावर वाढदिवस, तिसऱ्यावर निधनवार्ता आणि चौथ्यावर एकच मोठी जाहिरात. मालक, संपादक आणि मुद्रक हे तिन्ही महिपतराव कळंबटे. निवडणूक लागली की त्यांच्या छापखान्यात उमेदवारांची पत्रकंही छापली जातात आणि त्यातला मजकूर, कविता, घोषणा, सगळं लागेल ते महिपतराव स्वतः लिहून देतात. "अर्थातच!" हा त्यांचा शब्द. आधी नाकाने सायकलच्या पंपासारखी हवा ओढायची आणि मग "अर्थातच" असं सोडायचं. कितीही मोठं वाक्य असो, हवा आधी आणि अर्थातच शेवटी.

आता नियम. माझे आजोबा, म्हणजे मावशीचे बाबा, भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी करणाऱ्या गाळ्यात कामाला होते. तीस वर्षं पातेल्यांची ठोकाठोक ऐकून त्यांचे दोन्ही कान गेले. घरात सगळ्यांना सवय लागली, बाबांशी बोलायचं तर समोर जायचं, उजेडात उभं राहायचं आणि तोंड पूर्ण उघडून बोलायचं. पाठमोरं कोणी काही पुटपुटलं की आजोबा म्हणायचे, "पाठ बोलत नाही. तोंड दाखव." आई ही सवय लग्नानंतर विसरली. मावशीने ती पत्रकारितेत नेली.

तिच्या त्या लांबट वहीला घरात आम्ही वचनवही म्हणतो. प्रत्येक निवडणुकीला नवी. प्रत्येक चौकसभेत, प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये उमेदवार जे जे करीन म्हणाला ते तारखेसह, जागेसह. शेजारी ऐकणाऱ्या कोणाची तरी सही, साक्षीदार म्हणून. आणि समासात एक छोटा गोल. उमेदवाराचं तोंड हलताना मावशीने स्वतः बघितलं असेल तर त्या गोलात टिक. कार्यकर्त्याने सांगितलं, पत्रकात वाचलं, टीव्हीवर दिसलं, तर गोल रिकामा. रिकाम्या गोलाचं वाक्य छापायचं नाही. झालं. एवढीच तिची पत्रकारिता, आणि महिपतरावांच्या मते एवढ्यामुळेच 'खाडीपार'ला कधी वकिलाची नोटीस आली नाही. अर्थातच.

यंदा महापालिकेची निवडणूक साडेआठ वर्षांनी लागली. मावशीने माळ्यावरून २०१७ची वही काढली, झटकली आणि महिपतरावांपुढे ठेवली.

"जे मागच्या वेळी उभे होते आणि आताही उभे आहेत, त्यांचं तेव्हाचं वाक्य आणि आजची स्थिती. पहिल्या पानावर, चौकटीत. मतदानापर्यंत दर अंकात."

महिपतरावांनी हवा ओढली. "ममताबाई, यातले चार जण आपल्याकडे पत्रकं छापतायत."

"मग त्यांना पेपर वेळेवर मिळेल."

मतदान गुरुवारी होतं. त्याआधीच्या शनिवारी चौकटीत नाव आलं जितेश शिगवण यांचं. इंद्रलोकच्या आमच्या प्रभागातून मागच्या वेळी निवडून आलेले, आता परत उभे. मजकूर असा: "निवडून आल्यापासून सहा महिन्यांत इंद्रलोक नाक्यावरच्या बाजारात महिलांसाठी स्वच्छतागृह बांधीन, असा शब्द जितेश शिगवण यांनी २०१७च्या प्रचारात दिला होता. आजची स्थिती: जागा तीच, तिथे त्यांचाच फलक."

हे स्वच्छतागृह म्हणजे नाक्यावरच्या भाजीवाल्या बायकांचं जुनं दुखणं. काशीगावहून शेवंतीबाई मेथी, चवळी, लाल माठ घेऊन पहाटेच येते आणि दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. का, ते तिला विचारायचं नसतं. "जितेशभाऊने शब्द दिलेला" हे वाक्य नाक्यावर साडेआठ वर्षं फिरतंय. भाजी घेता घेता मीसुद्धा ते पन्नास वेळा ऐकलंय. अंक बाहेर पडला आणि बायकांनी ती चौकट कापून वजनकाट्याच्या मागे चिकटवली.

रविवारी सकाळी मावशी आमच्याकडे पोहे खायला आली होती. फोन वाजला. तिच्या फोनचा स्पीकर आपोआप चालू होतो, हे तिला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

"ताई, जितेश बोलतोय. नमस्कार. काय आहे ना ताई, तुम्ही मोठ्या बहिणीसारख्या. पण हे असं कसं चालेल? मी असं बोललोच नाय."

"सगळा नाका सांगतोय, जितेशभाऊ."

"नाका सांगतोय! नाका तर बोलतो की मी दुबईला पळालो होतो. सबूत दाखवा ना. कुठल्या सभेत बोललो? किती वाजता? तुमची ती फेमस वही आहे ना, त्यात बघा. टिक असेल तर मी तुमच्या पाया पडतो. नसेल तर तुम्ही माफी छापा. सिंपल."

मावशीने फोन ठेवला, तोंडातला घास गिळला आणि पिशवीतून वही काढली. पान उघडलं. मी तिच्या मागेच उभी होते.

२०१७च्या प्रचाराच्या शेवटच्या दिवसाची नोंद. इंद्रलोक नाका. वाक्य जसंच्या तसं. खाली साक्षीदार म्हणून शेवंतीबाईचा अंगठा, निळ्या शाईचा. आणि समासात गोल. रिकामा.

"ममते," आई म्हणाली, "अगं पण त्याने दिलाच होता शब्द. सगळ्यांना माहितीये."

"सगळ्यांना माहितीये म्हणूनच मी गोल बघितला नाही," मावशी म्हणाली. पोह्यांची ताटली तशीच ठेवून ती चपला घालायला लागली. चिडलेली नव्हती. चिडली की ती जास्त बोलते. आता ती एकदम कमी बोलत होती आणि ते जास्त भीतीदायक असतं. मीही मागोमाग निघाले, कारण असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

नाक्यावर शेवंतीबाई मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होती.

"शेवंतीबाई, हा अंगठा तुमचा. आठवतंय का काही त्या दिवसाचं?"

शेवंतीबाईने वही हातभर लांब धरली. "माजाच हाय. तवा मना सही येत न्हवती. आता येते. नातीनं शिकिवली."

"जितेशभाऊ इथे उभे राहून बोलले होते का?"

"उबा कशाला ऱ्हातोय? रिक्षा आलती."

"रिक्षा?"

"भोंग्याची गं! भोंग्यातनं बोलला त्यो, मी जितेश शिगवण बोलतोय म्हून. मीच तुला बोलले, लिव, लिव गं बाय, संडासाचं बोलतोय त्यो. तू लिवलंस. मी अंगठा दिला."

"त्याचं तोंड दिसलं होतं?"

शेवंतीबाई हसली. "भोंग्याला कुठलं तोंड गं?"

मावशीने डोळे मिटले. मग तिला सगळं आठवलं आणि तिने ते तिथेच, जुड्यांसमोर उभं राहून, मला सांगितलं. शेवटचा दिवस, तीन ठिकाणी एकाच वेळी सभा, प्रचार संपायला दीड तास उरलेला. रिक्षा गेली, तिने वाक्य लिहिलं, गोल काढून ठेवला, म्हटलं संध्याकाळी जितेश समोर भेटेल तेव्हा विचारून टिक करू. संध्याकाळी प्रचार थांबला, भेट राहिली. नंतर वर्षानुवर्षं तेच वाक्य नाक्यावर इतक्या तोंडांनी ऐकलं की तिला वाटायला लागलं, आपण ते त्याच्याच तोंडून ऐकलंय.

"म्हणजे जितेशभाऊ खरं बोलतोय?" मी विचारलं.

"तो बोलला नाही, एवढं खरं आहे. मग बोललं कोण?"

भोंग्याची रिक्षा तेव्हा धाकू चालवायचा. आताही तोच चालवतो. रेल्वे फाटकाच्या बाजूला स्टँडवर सापडला. रिक्षाच्या टपावर दोन कर्णे, मागच्या सीटवर अँप्लिफायर, समोर आरशाला लिंबूमिरची आणि पेन ड्राइव्हचा जुडगा.

"धाकूभाऊ, २०१७ची जितेश शिगवणची घोषणा आठवते?"

"आठवते काय, आहे!" धाकूने जुडगा खुळखुळवला. "मी काहीच डिलीट नाय करत, ताई. बारसं, साखरपुडा, हरवलाय, सापडलाय, इलेक्शन. सब रखा है. माझी बायको बोलते, तू लोकांचा आवाज सांभाळतोस आणि माझा ऐकत नाय." लाल पेन ड्राइव्ह काढला, लावला, दोनचार बटणं दाबली. आधी कोणाच्या तरी हळदीचं गाणं लागलं, मग एक हरवलेला पोपट, आणि मग कर्ण्यांतून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं:

"माझ्या इंद्रलोकवासी माताभगिनींनो! मी जितेश शिगवण बोलतोय!"

आवाज जितेशभाऊंच्या जवळपासचाच. तोच खर्ज, तेच 'बोलतोऽय'. पाच आश्वासनं होती. रस्ता, पाणी, बगिचा, कॅमेरे. पाचवं स्वच्छतागृहाचं. पण प्रत्येक आश्वासनाच्या आधी एक आवाज यायचा, जो जितेशभाऊ कधी काढत नाहीत. सायकलला हवा भरल्यासारखा. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली,

"परत लाव."

धाकूने परत लावलं. हवा. "...स्वच्छतागृह सहा महिन्यांत बांधीन." आणि मग, इतकं हळू की आठ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नसेल: "अर्थातच."

रिक्षावाले हसले. मीही हसले. मावशी हसली नाही.

"जितेशचा घसा बसला होता तेव्हा," धाकू म्हणाला. "शेवटचे दोन दिवस. तर कळंबटेसाहेब बोलले, थांब, मीच काढतो आवाज. मस्त काढला ना?"

महिपतरावांचं ऑफिस मीरा रोड स्टेशनजवळ, छापखान्याच्या वरच्या पोटमाळ्यावर. रविवार असूनही खाली मशीन चालू होतं, कुणाची तरी पत्रकं धडाधड पडत होती. मावशीने काही प्रस्तावना केली नाही. फोनवर रेकॉर्ड करून आणलेली घोषणा टेबलावर लावली.

महिपतराव ऐकत राहिले. 'अर्थातच' आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"पाचवं आश्वासन तुम्ही लिहिलंत?"

"जितेशने चारच दिली होती, ममताबाई. चार म्हणजे यादी कशी लंगडी वाटते. पाच म्हटलं की एक वजन येतं. आणि नाक्यावर त्या बायका रोज बघत होतो. म्हटलं, टाकूया. चांगलंच आहे की. मी त्याला वाचून दाखवलं होतं. त्याने मान हलवली. कदाचित ऐकलं नसेल, त्याच्या घशाला वाफ चालू होती." मग त्यांनी हवा ओढली. "तो निवडून आल्यावर करील असं मला वाटलं होतं. अर्थातच."

"मंगळवारी सकाळी आपला निवडणूक विशेषांक आहे. पहिल्या पानावर, त्याच चौकटीत, त्याच टाइपात दुरुस्ती जाईल."

"तिसऱ्या पानावर देऊ. निधनवार्तांच्या खाली."

"चूक कुठल्या पानावर होती?"

"अहो, पण दुरुस्ती म्हणजे लिहावं लागणार की तो आवाज..."

"लिहावं लागणारच."

"ममताबाई, समजून घ्या. तुम्ही चुकलाय असं जरी छापलं तरी जितेश ते नाचवत फिरेल. अंक निघेल तेव्हा मतदान दोन दिवसांवर. त्या बायकांचंच नुकसान. गप्प बसलो तर निदान दबाव तरी राहतो त्याच्यावर. त्याने खरंच शब्द दिला होता असं नाका मानतोय, मानू दे ना! खोटं थोडंच आहे, चांगलंच आहे."

इथे मी सांगते, मला महिपतरावांचं पटलं होतं. आईलाही संध्याकाळी पटलं. सगळ्यांनाच पटण्यासारखं होतं ते. मावशी मात्र पोटमाळ्याचा जिना उतरली, खाली मशीनमधून पडलेलं एक पत्रक उचलून वर घेऊन आली आणि त्याच्या तळाशी बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"मुद्रकाचं नाव, पत्ता, प्रती. आयोगाचा नियम आहे. न छापून चालतंय का?"

"का नियम आहे?"

"कोणी छापलं ते लोकांना कळायला."

"मग भोंग्यावर तुमचं नाव कुठे होतं?"

खाली मशीन थांबलं, कोणीतरी कागदाचा गठ्ठा सोडत होतं. त्या शांततेत महिपतरावांनी ओढलेली हवा अगदी स्पष्ट ऐकू आली, पण पुढे शब्द आला नाही.

"साडेआठ वर्षं," मावशी म्हणाली, "मी दुसऱ्यांना विचारत फिरतेय, तुम्ही हे म्हणालात की नाही. उद्या कोणी मला विचारलं, तुम्ही हे ऐकलंत की नाही, तर मी काय सांगू? सगळा नाका म्हणत होता? मग वही कशाला, नाक्यालाच वार्ताहर नेमा. दुरुस्ती जाणार नसेल तर सोमवारी माझं नाव काढा पेपरवरून. आणि मंगळवारी सकाळी मी ती नाक्यावर उभी राहून मोठ्याने वाचीन. माझा आवाज काही वाईट नाही."

महिपतरावांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं. मग कागद पुढे ओढला. "लिहा. मी तपासतो."

मावशीने तिथेच लिहिलं: "गेल्या अंकात जितेश शिगवण यांच्या नावावर छापलेलं आश्वासन त्यांनी आमच्या वार्ताहरासमोर दिलं नव्हतं. ते प्रचाराच्या रिक्षावरच्या ध्वनिमुद्रणातून ऐकलं होतं. खातरजमा न करता छापल्याबद्दल आम्ही जितेश शिगवण यांची आणि वाचकांची माफी मागतो. ते आश्वासन आमच्या कार्यालयात लिहिलं गेलं होतं आणि आवाजही आमच्या कार्यालयातला होता. निवडून आल्यावर साडेआठ वर्षांत शिगवण यांनी ते कधी नाकारलं नाही."

महिपतरावांनी पेन उचललं. मला वाटलं, आता शेवटची दोन वाक्यं जाणार. त्यांनी 'आमच्या कार्यालयात लिहिलं गेलं' वर काट मारली आणि वर लिहिलं, 'संपादक महिपत कळंबटे यांनी लिहिलं'. 'आवाजही आमच्या कार्यालयातला' वर काट मारून 'आवाजही त्यांचाच'. मग कागद मावशीकडे सरकवला.

"कार्यालय लिहीत नाही, ममताबाई. माणूस लिहितो. एवढं तरी मला येतं." आणि हवा न ओढताच म्हणाले, "अर्थातच."

मंगळवारी सकाळी अंक निघाला. मावशीने पहिली प्रत शेवंतीबाईला स्वतः वाचून दाखवली. बायका गोळा झाल्या. शेवंतीबाई तिच्याकडे बघत राहिली.

"म्हंजी त्यानं कबूल केलंच न्हवतं?"

"नाही."

"आन आमी इतकी वर्सं त्याच्या नावानं पानी न पिता बसलो?"

"माझी चूक आहे, शेवंतीबाई. मी लिहिलं म्हणून ते टिकलं."

"तुजी कशी? मीच बोलले तुला, लिव म्हून." मग तिने काट्यामागची जुनी चौकट नखाने खरवडून काढली. मावशी तेवढा वेळ तिथेच उभी होती. हललीसुद्धा नाही.

प्रचार साडेपाचला संपणार होता. चारला जितेशभाऊंची शेवटची सभा, इंद्रलोक नाक्यावरच. फुलांनी मढवलेला टेम्पो, त्यावर पॅनेलचे चारही उमेदवार, मध्ये जितेशभाऊ. हातात 'खाडीपार'चा अंक. महिपतराव म्हणाले होते तेच झालं.

"भाइयों और बहनों! माझ्या माताभगिनींनो! बघा! पेपरने माफी मागितली! छापून! पहिल्या पानावर!" माइक ओठांना चिकटलेला. "जितेश शिगवण खोटं बोलत नाय! विरोधकांनो, बघा जरा! जितेश शिगवण जे बोललाच नाय, ते पण लोकं त्याच्या नावावर टाकतात! इतकं प्रेम आहे जनतेचं!"

टाळ्या पडल्या. शिट्ट्याही. कार्यकर्ते अंक हवेत हलवायला लागले. मी मावशीकडे बघितलं. ती नेहमीच्या जागी उभी होती, अगदी टेम्पोच्या चाकापाशी, वही उघडून.

"माइक जरा खाली धरा," ती म्हणाली. "तोंड दिसत नाही."

जितेशभाऊ हसले. "या ताई, या! आमच्या ताई! चूक कबूल करायला पण दम लागतो. टाळ्या वाजवा ताईंसाठी!"

टाळ्या वाजल्या. मावशी त्या संपेपर्यंत थांबली.

"तुम्ही तेव्हा बोलला नव्हतात. मान्य. छापलं. आता विचारते. या बाजारात महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणार का? किती महिन्यांत?"

"ताई, काय आहे ना, विकासाच्या बाबतीत आपलं पॅनेल कटिबद्ध..."

"हो की नाही?"

"अहो ताई, प्रस्ताव, निधी, जागा, ही प्रोसेस असते. आचारसंहिता पण आहे..."

"आचारसंहितेत आश्वासन देता येतं. सकाळपासून तुम्ही तेच करताय. हो की नाही?"

मागून एक कार्यकर्ता ओरडला, "ओ ताई, बस झालं, चला बाजूला!" पण त्याच वेळी शेवंतीबाई उठली. जुड्या ओलांडून, पदर खोचून, मावशीच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्यामागून कांदेबटाटेवाली, मग फुलवाली, मग लिंबूवाली. आजोबा जसे आमच्या तोंडाकडे बघायचे तसं सगळ्याजणी जितेशभाऊंच्या ओठांकडे बघत उभ्या राहिल्या.

जितेशभाऊंनी घड्याळ बघितलं. बाजूच्या तीन उमेदवारांकडे बघितलं. एक जण हाराची फुलं निवडत होता, दुसऱ्याला अचानक फोन आला होता. माइक खाली आला. तोंड आता स्पष्ट दिसत होतं. ते उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"बघू," जितेशभाऊ म्हणाले.

मावशीने लिहिलं. तारीख. इंद्रलोक नाका, चार वाजून वीस मिनिटं. प्रश्न: महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणार का, हो की नाही. उत्तर: 'बघू'. मग वही शेवंतीबाईकडे केली. शेवंतीबाईने हात साडीला पुसले, पेन मुठीत धरलं आणि नातीने शिकवलेलं नाव अर्ध्या पानभर काढलं. शेवटची वेलांटी खालच्या ओळीत गेली.

"तोंड हललं गं बाय," ती म्हणाली. "म्या बगितलं."

"मीही," मावशी म्हणाली, आणि गोलात टिक केली.

हे 'बघू' छापायला आता अंक उरला नव्हता. पुढचा शनिवारी, मतदान झाल्यावर. ते मी तिला म्हटलंसुद्धा. "मग शनिवारी छापू," ती म्हणाली. "तो निवडून आला तरी छापू, पडला तरी छापू. चौकट तीच." टेम्पो घाईघाईने सुरू झाला, भोंग्यावर गाणं लागलं. तेवढ्यात समोरच्या गल्लीतून दुसऱ्या पॅनेलचा टेम्पो वळला, त्यावर हात जोडून उभी असलेली एक बाई. तिचा हार इतका मोठा होता की हनुवटी त्यात बुडालेली.

मावशीने पान उलटलं, नवा गोल काढला आणि चाकापाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, हार जरा खाली घ्या."